ठिणगी होती, सुकं नव्हतं

डोंगरात जायला लागलेली नवी मुलं खरेदीला निघाली की हमखास विचारतात, फायर स्टार्टर कोणता घेऊ? जेट लायटर बरा की फेरो रॉड? मॅग्नेशियमचा ठोकळा घ्यावा का? चार्जिंगवर चालणारा प्लाझ्मा लायटर पावसात टिकतो का? या सगळ्या वस्तू मी कधी ना कधी विकत घेतल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांनी नेमक्या वेळी मला दगा दिला आहे. त्यात वस्तूंचा दोष थोडा होता, माझा जास्त. म्हणून कोणती वस्तू घ्या हे सांगण्याआधी मी कुठे चुकलो ते सांगतो.

पहिली फजिती काडेपेटीची. काड्यांचे गूल नेलपॉलिशमध्ये बुडवून वाळवले की काडी पाण्याला दाद देत नाही, असं वाचलं होतं. बहिणीची एक बाटली संपवून मी दोन पेट्या तयार केल्या. घरी ग्लासभर पाण्यात बुडवून काढलेली काडी पहिल्या फटक्यात पेटली, त्यामुळे मी निर्धास्त झालो. त्या पेट्या घेऊन ऑगस्टमध्ये आम्ही पाचनईहून हरिश्चंद्रगड चढलो. पाऊस वरून येत होता, धुकं बाजूने अंगात शिरत होतं, आणि गडावर पोचेपर्यंत सॅकमध्ये कोरडं असं काही उरलं नव्हतं. गुहेत टेकलो. एका मित्राचे दात वाजत होते, त्याला स्वतःच्या जॅकेटची चेन ओढता येत नव्हती. मी काडी ओढली. गूल शाबूत होता, पण पेटीच्या कडेचा तपकिरी थर लगदा होऊन काडीबरोबर सोलून आला. पेटी उलटी करून दुसऱ्या बाजूवर ओढली, तर खालचा पुठ्ठाच फाटला. दुसऱ्या पेटीची तीच गत.

सेफ्टी काडीचं निम्मं काम काडीवर असतं आणि निम्मं पेटीवर, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं. तांबडा फॉस्फरस मात्र पेटीच्या पट्ट्यात असतो. स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश्च यांनी १८४४ साली ही विभागणी केली आणि काड्या खिशातल्या खिशात पेटण्याचा धोका टळला. त्याच विभागणीमुळे पट्टा भिजला की काडी कितीही कोरडी असो, ती मुकी राहते. मी काड्यांना रंग लावत बसलो आणि पेटी तशीच उघडी ठेवली. आता काड्या न्यायच्या झाल्या तर पट्टा कापून वेगळ्या छोट्या पिशवीत बंद करतो, काड्या दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्ही मिळून घट्ट झाकणाच्या डबीत.

त्या दिवशी निभावलं ते देवळाजवळ झोपडी टाकून चहा-भाकरी देणाऱ्या मावशींमुळे. आम्हाला पाहताच त्यांनी चुलीपुढची जागा मोकळी केली. "दादा, कपडे पिळून या आधी," म्हणाल्या. चूल नुकती विझली होती. चुलीच्या वर बांधलेल्या माचावरून त्यांनी कारवीच्या मूठभर काड्या ओढल्या. दोन पावसाळ्यांचा धूर खाऊन त्या काळ्याकुळकुळीत आणि इतक्या कोरड्या झाल्या होत्या की मोडताना टचकन आवाज येई. खाली शेणीचा चुरा, त्यावर बारीक काड्या, वर बोटाएवढं लाकूड. काडेपेटी चुलीशेजारच्या कोनाड्यात, उबेला. एकच काडी ओढली, फुंकणीने दोनदा फुंकलं आणि जाळ धरला.

सगळं उत्तर त्या चुलीपुढे मांडलेलं होतं. मी मात्र ते पाहून एवढंच ठरवलं की काडेपेटी बेभरवशाची, आता चांगला लायटर घ्यायचा.

म्हणून जेट लायटर घेतला. निळी, सरळ, वाऱ्याला न जुमानणारी ज्योत. दुकानदाराने पंख्यासमोर धरून दाखवली. डिसेंबरात उत्तराखंडात बर्फातल्या ट्रेकला निघालो तेव्हा मुंबईच्या विमानतळावरच तो काढून घेतला गेला. आपल्याकडे विमानात लायटर आणि काडेपेटी हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनच्या सामानातही नाही. हे मला माहीत असायला हवं होतं. डेहराडूनला तसलाच दुसरा घेतला. वरच्या मुक्कामावर पहाटे स्टोव्ह पेटवायला तो काढला तर नुसती टकटक. लायटरमधला ब्यूटेन शून्याच्या जरासा खाली गेला की उकळत नाही, म्हणजे त्याचा वायूच होत नाही. त्यात जेट लायटर पेटतो पिझोच्या विजेच्या ठिणगीवर आणि हवा आत ओढून ठरावीक प्रमाणात मिसळून. उंचावरच्या विरळ हवेत ते प्रमाण बिघडतं. म्हणजे त्या महागड्या वस्तूला एकाच वेळी दोन दुखणी होती. आमच्या गाइडने स्वेटरच्या आतल्या खिशातून दहा-वीस रुपयांचा, चाक फिरवून पेटणारा साधा लायटर काढला आणि स्टोव्ह पेटला. त्याचा लायटर रात्रभर अंगाच्या उबेत होता, माझा सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात. पुढे मीही तसंच करू लागलो आणि साधा लायटर थंडीत क्वचितच अडला.

प्लाझ्मा लायटरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दोन टोकांमधली फट इतकी अरुंद की उदबत्तीपेक्षा जाड काही आत जात नाही, आणि बॅटरी संपली की हातात नुसता डबा. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर एका मित्राने एकदा आणला होता. तो गॅसच्या स्टोव्हला चालतो, गवताला नाही.

मग फेरो रॉड. हा माझा सर्वांत लांबलेला हट्ट. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ साली लोखंड आणि सिरियमसारख्या धातूंचं हे मिश्रण शोधलं. पेट्रोमॅक्सच्या बत्तीत जळणारं मँटलही मूळ त्यांचंच. साध्या लायटरमध्ये चाकाखाली जो बारीक खडा असतो तो याच धातूचा. रॉडवर धार घासली की कण सुटतात आणि हवेत पेट घेतात; ठिणगी तीन हजार अंशांच्या आसपास जाते. भिजला तरी पुसून वापरता येतो, थंडीने अडत नाही. इतकं सगळं वाचून मी अंगठ्याएवढा जाड रॉड मागवला आणि तसाच सॅकमध्ये टाकला. घरी एकदाही घासून पाहिला नाही. या सगळ्या हकिकतीत मला सर्वांत जास्त बोचते ती हीच गोष्ट.

रतनगडाच्या पायथ्याला, रतनवाडीत, पाऊस उघडल्यावर आम्ही एका घराच्या पडवीत उतरलो होतो. संध्याकाळी मी ऐटीत रॉड काढला. पहिल्या घासण्याला काहीच नाही. नव्या रॉडवर काळं रंगकाम असतं, ते खरवडून काढल्याशिवाय ठिणगी पडत नाही. ते निघाल्यावर मी चाकूची धार वापरली. धार बोथट झाली आणि ठिणग्या चार. चाकूची पाठ वापरायची असते, आणि तीही काटकोनी, कडक कडेची. ते जमल्यावर ठिणग्यांचा सडा पडू लागला, पण मी चाकू पुढे ढकलत होतो. प्रत्येक घासण्यासरशी चाकू समोरच्या ढिगात घुसून कागदाचे तुकडे पांगवत होता. कागदही घामाने दमट झालेला टिश्यू. अंधार पडेपर्यंत मी घासत होतो. शेजारी बसलेल्या मुलाने मोबाइलचा टॉर्च धरला होता, तो दमून आत गेला.

घरातले आजोबा हे सगळं गप्प पाहत होते. त्यांच्या तरुणपणी कमरेला चकमक असायची: पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि नळीत सावरीचा थोडा करपवलेला कापूस. ते म्हणाले, "ठिणगी काय, गारगोटीतनं पण पडती. ती झेलाया काय आणलंय?"

मी काहीच आणलेलं नव्हतं. हरिश्चंद्रगडावर नाही, उत्तराखंडात नाही, रतनवाडीतही नाही. प्रत्येक वेळी ठिणगी पाडणारी वस्तू बदलत गेलो, ठिणगी झेलणारं सुकं मात्र तिथेच मिळेल असं धरून चाललो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सह्याद्रीत तिथल्या तिथे सुकं मिळत नाही. गवत हिरवं असतं, पडलेलं लाकूड आतपर्यंत ओलं असतं. कारवी सात वर्षांनी फुलून वाळते, त्यानंतर उतारांवर वाळक्या काड्या भरपूर उभ्या असतात. पण त्याही पावसात भिजतातच. मावशींच्या माचावरच्या काड्या उन्हाळ्यात आणलेल्या होत्या, आणि चूल पेटली होती ती त्या काड्यांमुळे. काडेपेटी आमच्यासारखीच होती, दुकानातली.

तेव्हापासून मी सुकं घरून नेतो. सर्वांत चांगलं सापडलं ते देवघरात. फुलवाती व्हॅसलीनमध्ये किंवा थिजलेल्या तुपात निम्म्याच बुडवायच्या आणि डबीत भरायच्या. निम्म्याच का, तर पूर्ण भिजलेली वात ठिणगी धरत नाही. ठिणगी धरते ती कोरड्या, पिंजलेल्या तंतूंवर, आणि व्हॅसलीन ती ज्योत मग तीन-चार मिनिटं टिकवून धरतं. वात बोटांनी उसवायची, इतकी की तिच्यातून पलीकडचं दिसावं. दगडावर किंवा सालीवर ठेवायची. चाकूची पाठ वातीच्या अगदी जवळ, जमिनीला टेकवून घट्ट धरायची आणि हलवायची नाही. हलवायचा तो रॉड, आपल्याकडे मागे ओढत, सावकाश आणि जोर देऊन. ठिणग्या एका ठिकाणी पडतात, ढीग पांगत नाही. हे जमलं की पहिल्या-दुसऱ्या ओढीला ज्योत उभी राहते.

दुसरा कापूर. वात पेटली की तिच्यावर वडी धरतो. कापूर पाण्यावर तरंगतानाही जळतो, त्यामुळे दमट काटक्यांना धग द्यायला त्याच्यासारखं काही नाही. यातही एक चूक केली: कागदाच्या पुडीतला कापूर वर्षभर सॅकच्या कप्प्यात राहिला आणि हवा होऊन गेला. आता काचेच्या छोट्या बाटलीत ठेवतो आणि आईच्या सांगण्यावरून चार मिरे टाकतो. मिऱ्यांनी फरक पडतो की घट्ट बुचाने, ते सांगता येणार नाही, पण कापूर टिकतो. सायकलच्या ट्यूबची पट्टीही पावसात जळते. तिचा धूर मात्र वाईट, अन्न शिजवायच्या जागी ती नको.

काटक्या ओल्या असतील तर साल काढून आतल्या लाकडाच्या पातळ ढलप्या काढाव्या लागतात. आणि हे सगळं गोळा करून, जाडीप्रमाणे लावून झाल्यावरच ठिणगी पाडायची. मी उलटं करायचो. आधी पेटवायचो आणि मग काड्या शोधायला धावायचो. तोवर वात संपलेली असायची.

मॅग्नेशियमच्या ठोकळ्याचा मोह अजून काहींना असतो. त्याचा कीस भयंकर तापतो, हे खरं. पण रुपयाएवढा ढीग किसायला बराच वेळ लागतो आणि वाऱ्याच्या एका झुळकीने तो उडून जातो. थंडीने बधिर झालेल्या बोटांना हे काम होत नाही. वस्तू निवडताना ही एक कसोटी मी आता सर्वांत वर ठेवतो: हात पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवा आणि मग ती वस्तू पेटवून पाहा. विस्तवाची खरी गरज लागते तेव्हा हात तसेच असतात. या कसोटीत लायटरचं छोटं चाकही अंगठ्याखाली निसटतं. जाड मुठीचा रॉड हातात राहतो, म्हणून तो मी सोडला नाही.

आता जे सांगतो ते लिहायला जड जातं. रॉड जमायला लागल्यावर मला तो कुठेही घासून पाहायची सवय लागली. फेब्रुवारीत माळशेजच्या बाजूच्या एका पठारावर दुपारी थांबलो होतो. गवत कमरेएवढं, पिवळं, कडक. सोबतच्या मुलांना दाखवायला मी रॉड घासला. वात ठेवलेल्या दगडाच्या बाहेर एक ठिणगी गेली. आधी काही दिसलंच नाही, नुसती एक काळी रेघ गवतातून सरकताना दिसली. भर उन्हात ज्योत दिसत नाही. मग वारा आला. आम्ही बुटांनी तुडवत होतो आणि त्याने आग आणखी पसरत होती. एक गुराखी धावत आला. त्याने करवंदीच्या हिरव्या फांद्या मोडून आमच्या हातात दिल्या आणि वाऱ्याच्या बाजूने झोडपायला लावलं. एका खळ्याएवढा तुकडा जळून आग थांबली, ती पुढे कातळ होता म्हणून. कातळ नसता तर उतार होता, आणि उताराखाली वाडी. गुराखी मला रागावला नाही. "दादा, हे गवत गुरांचं हाय. घराच्या छपराला बी हेच जातं," एवढंच बोलला. मी त्याची माफी मागितली. वनखात्याला मात्र कळवलं नाही, आणि ते कळवायला हवं होतं.

त्याआधी मी वणव्यांबद्दल बरंच बोलायचो, पर्यटकांना नावं ठेवायचो. आग धोक्याची ठरेल अशा रीतीने राखीव जंगलात विस्तव पेटवणं किंवा पेटता सोडणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ३० लागतं. हरिश्चंद्रगड आणि रतनगड दोन्ही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. मी तिथल्या गुहेत शेकोटी पेटवायला निघालो होतो, तेव्हा यातलं काहीही मनात आलं नव्हतं. त्या गुहांची छतं बघा. वर्षानुवर्षांच्या शेकोट्यांनी ती काळी झाली आहेत आणि ते काळेपण धुऊन जात नाही.

आणखी दोन चुका थोडक्यात सांगायलाच हव्यात, कारण त्या जिवावर बेततात. कॉलेजात असताना मी रॉकेलची बाटली सॅकमध्ये घालून कसारा लोकलने जायचो. गच्च भरलेल्या डब्यात ती फुटली असती तर काय झालं असतं, हा विचार आता झोप उडवतो. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ मध्ये यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दुसरी चूक, थंडीत तंबूची चेन बंद करून आत स्टोव्ह पेटवणं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणूस उठत नाही. आमचं डोकं दुखायला लागलं तेव्हा एकाला उलटी आली म्हणून चेन उघडली, एवढ्यावर वाचलो. त्यानंतर तंबूत किंवा बंद गुहेत काहीही पेटवलेलं नाही.

आज माझ्या सॅकमध्ये चाकाचे दोन साधे लायटर असतात. एक आतल्या खिशात अंगाशी, दुसरा झिपच्या पिशवीत सॅकच्या तळाशी. एक फेरो रॉड गळ्यातल्या दोरीला. फुलवातींची डबी, कापराची बाटली. स्वयंपाकाला छोटा गॅसचा स्टोव्ह. सिलिंडर घेऊन रेल्वेत आणि विमानात बसत नाही, तो मुक्कामाच्या गावात घेतो किंवा गावातल्या घरीच जेवतो. पाचनईत आणि रतनवाडीत पिठलं-भाकरी मिळते, आणि त्या पैशांची तिथे गरज असते. सॅकमधलं हे सामान मोठ्या शेकोटीसाठी नाही. कुणी भिजून काकडायला लागला, वाट चुकून रात्र काढायची वेळ आली, तर तेवढ्यासाठी. आधी ओले कपडे बदलायचे, कोरडं अंगावर घालायचं, वाऱ्याआड बसायचं, विस्तव त्यानंतर. तोही खरवडून मोकळ्या केलेल्या जमिनीवर किंवा कातळावर, पाणी शेजारी ठेवून. आणि निघताना राखेत हात घालून पाहायचा. हाताला ऊब लागली तर आणखी पाणी.

विकत घ्यायचंच असेल तर साधे लायटर दोन घ्या, रॉड एक घ्या, आणि पहिल्या ट्रेकआधी घरच्या गच्चीवर, पाण्याची बादली शेजारी ठेवून, ओल्या हातांनी त्या रॉडने वात पेटवून दाखवा. जमेपर्यंत डोंगरात नेऊ नका. दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागलं की पठारावर, उतारावर, गडाच्या माचीवर काहीही पेटवू नका, विडी-सिगारेटसुद्धा नाही. कुठे वणवा दिसला, किंवा तुमच्याच हातून लागला, तर लाजून निघून जाऊ नका. वनविभागाचा नंबर १९२६ आहे. फोन करा आणि जागा नीट सांगा.